ग्रंथालयाने काय ठेवावे?



ज्या शाळेच्या ओसरीवर बसून मी मराठीचे पहिले धडे गिरवले, त्याच शाळेत माझ्या गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. हा मान माझ्या योग्यतेमुळे मिळाला, असा माझा समज नाही. मलकपेठेत वाढलेल्या आणि गुरुजींच्या हाताखाली शिकलेल्या ज्या थोड्या मंडळींना आजही उभे राहून तासभर बोलता येते, त्यांत माझी गणना होते, एवढेच त्याचे कारण असावे.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाने काय जमवावे आणि ते कोणी, कोणत्या कसोटीवर ठरवावे, हा आजचा विषय शाळेच्या व्यासपीठावर काहीसा परका वाटेल. परंतु हा विषय मी प्रथम शिकलो तो कोणत्याही विद्यापीठात नव्हे, तर येथेच, या इमारतीच्या मागच्या ओसरीवर असलेल्या एका सागवानी कपाटासमोर. आपल्यापैकी वयस्क मंडळींना ते कपाट आठवत असेल. शनिवारच्या शेवटच्या तासाला गुरुजी ते उघडीत. वरच्या तीन खणांत गोष्टींची, चरित्रांची व निबंधांची पुस्तके होती. प्रत्येक पुस्तकाची नोंद गुरुजींनी दाखल नोंदवहीत स्वतःच्या ठसठशीत अक्षरात केलेली असे. परंतु सर्वांत खालच्या खणात पुस्तके नव्हती. तेथे सुतळीने बांधलेले गठ्ठे होते. शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका, मुलांनी काढलेली हस्तलिखिते, गणेशोत्सवाचे जमाखर्च, जुन्या प्रश्नपत्रिका, गल्लीतल्या नाटकांच्या जाहिराती असे ते कागद होते.

मी सातवीत असताना एकदा धीर करून विचारले, "गुरुजी, हे कोण वाचणार?" गुरुजी गठ्ठ्यावरची धूळ झटकीत म्हणाले, "अरे बाळ, वाचणारा अजून आलेला नाही. तो येईल तेव्हा त्याच्यापुढे ठेवायला काही नको का?"

त्या वयात मला ते उत्तर विक्षिप्त वाटले. पुढे पस्तीस वर्षे अध्यापन करून आणि अनेक वर्षे ग्रंथालय समित्यांवर बसून मला त्याचा अर्थ कळला, आणि तोही एक मोठी चूक केल्यानंतर. त्या चुकीकडे मी येणारच आहे. तत्पूर्वी विद्यापीठांत ग्रंथनिवड कशी होते, ते थोडक्यात सांगितले पाहिजे.

सामान्य वाचकाची अशी कल्पना असते की, विद्यापीठाच्या ग्रंथालयात सर्व काही असते. वस्तुस्थिती अशी की, कोणतेही ग्रंथालय जे घेते त्याच्या कितीतरी पट अधिक सोडून देते. वर्षाच्या प्रारंभी निधी ठरतो. त्यातून नियतकालिकांच्या वर्गण्या प्रथम बाजूला काढाव्या लागतात. कारण एखाद्या वर्षी वर्गणी थांबली की अंकांची मालिका खंडित होते आणि ती खिंडारे पुढे सहसा भरून निघत नाहीत. उरलेली रक्कम विभागांत वाटली जाते. प्राध्यापक शिफारसपत्रे भरून देतात. ग्रंथपाल त्या यादीतून आधीच असलेली पुस्तके वगळतात. समिती मान्यता देते, विक्रेत्यांकडून दर मागविले जातात, आणि मार्चअखेर जवळ आली की सर्वांचीच धावपळ उडते. पंचवार्षिक योजनांच्या काळात, म्हणजे २०१७ पर्यंत, विद्यापीठ अनुदान आयोगाकडून योजनेच्या चौकटीत अनुदाने येत. ती मुदतीत खर्च करावयाची म्हणून जी पुस्तके घाईने उचलली गेली, त्यांतली काही मी कोऱ्या पानांनिशी निवृत्तीपर्यंत पाहिली आहेत.

या साऱ्या व्यवहारात निर्णय कशावर होतो? बहुतांशी दोन गोष्टींवर. पहिली अभ्यासक्रम आणि दुसरी मागणी. अभ्यासक्रमात जे नेमले असेल त्याच्या पाच प्रती येतात. जे प्राध्यापक आग्रही असतात त्यांच्या विषयाची कपाटे भरतात. यात अन्याय्य असे काही नाही. विद्यार्थ्याला नेमलेले पुस्तक मिळाले नाही तर ग्रंथालय असून नसल्यासारखेच. आपल्या देशाच्या ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली आपली पंचसूत्री प्रसिद्ध केली. पुस्तके वापरासाठी असतात, हे त्यांचे पहिलेच सूत्र. ते मला मान्य आहे. परंतु त्याच पंचसूत्रीत, जसा वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे तसा ग्रंथालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असेही सूत्र आहे. ते अमलात आणावयाचे तर वाचक येईपर्यंत ग्रंथ टिकला पाहिजे. आमच्या समित्यांनी पहिले सूत्र पाठ केले; दुसऱ्याचा हा अर्थ फारसा कोणी मनावर घेतला नाही.

मागणी ही कसोटी किती चंचल आहे, याचे उदाहरण शोधण्यासाठी आपल्याला मलकपेठेपासून दूर जाण्याचे कारण नाही. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ साली झाली. उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम ठरवून शास्त्र, वैद्यक, कायदा, इतिहास हे सारे विषय एका भारतीय भाषेत शिकविण्याचा तो मोठा प्रयोग होता. त्यासाठी १९१७ सालीच 'दार-उल-तर्जुमा' हा भाषांतर विभाग सुरू झाला होता. त्या विभागाने शेकडो ग्रंथ उर्दूत आणले आणि हजारो पारिभाषिक शब्द घडविले. १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले. कालपर्यंत ज्या पुस्तकांवाचून विद्यार्थ्याचे पान हलत नव्हते, त्यांचा वाचक पाहता पाहता नाहीसा झाला. केवळ मागणी पाहणाऱ्याने ती पुस्तके त्याच दिवशी रद्दीत काढली असती. आज मात्र देशी भाषांतून आधुनिक ज्ञान कसे आणता येते, याचा अभ्यास करणाऱ्याला तीच भाषांतरे मूळ साधने म्हणून लागतात. भौतिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक म्हणून ती जुनी झाली असतील. इतिहासाचे साधन म्हणून त्यांचे मोल वाढले आहे.

आता आपल्या मराठीकडे येऊ. हैदराबाद संस्थानात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते, त्यामुळे या शहराला मराठीचे वावडे कधीच नव्हते. केशवराव कोरटकरांसारख्या मंडळींच्या पुढाकाराने १९०७ साली विवेकवर्धिनी ही शाळा उभी राहिली. १९३१ साली, म्हणजे रंगनाथनांची पंचसूत्री प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले. चादरघाटचा पूल ओलांडून कोठी आणि सुलतान बाजाराकडे गेले की मराठी दुकान, मराठी वाचनालय, मराठी नाटकाची तालीम हे सारे सहज भेटे. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे १९०८ च्या मुसीच्या महापुराच्या गोष्टी सांगत, त्यांत वाहून गेलेल्या भांड्याकुंड्यांबरोबर दप्तरे व पोथ्याही असत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पुढे १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. ते योग्यच झाले. परंतु त्यामुळे एक प्रश्न असा उभा राहिला की ज्याचा विचार कोणत्याही आयोगाने केला नव्हता. हैदराबादेत छापलेले, लिहिलेले, हैदराबादेतल्या मराठी माणसांच्या घरांत साठलेले मराठी कागद कोणी सांभाळायचे? तिकडच्या विद्यापीठाच्या दृष्टीने ते परराज्यातले. इकडे ते अल्पसंख्यांच्या भाषेतले.

येथे कायद्याची एक बाब नमूद केली पाहिजे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकांची नोंद सरकारदरबारी होत असे. हैदराबाद हे संस्थान असल्याने तो कायदा येथे लागू नव्हता. म्हणून पुण्यामुंबईत छापलेल्या चोपड्याची जशी नोंद सापडते, तशी येथल्या छापखान्यातून निघालेल्या मराठी पुस्तिकेची सापडेलच असे नाही. शंकर गणेश दाते यांनी एकट्याच्या जिद्दीने मराठी ग्रंथसूची सिद्ध केली. तिचा १८०० ते १९३७ या काळाचा पहिला भाग १९४३ साली निघाला. त्या सूचीवाचून आम्हा अध्यापकांचे काम चाललेच नसते. परंतु सूचिकाराला तेच नोंदता येते जे कोणीतरी, कोठेतरी राखून ठेवलेले असते. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली नवा कायदा झाला. त्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील चार ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवावयाची असते. त्या चारांत कोणतेही विद्यापीठ नाही आणि हैदराबादही नाही. तात्पर्य, विद्यापीठाच्या ग्रंथालयात आपोआप काही येत नाही. जे येते ते कोणीतरी 'हवे' म्हटल्यामुळे, आणि जे येत नाही ते कोणीतरी 'नको' म्हटल्यामुळे किंवा कोणीच काही न म्हटल्यामुळे.

श्रोतेहो, असा एक 'नको' माझ्या नावावर आहे. नोकरीनिमित्त मी महाराष्ट्रातील एका विद्यापीठात होतो. त्याचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही, कारण दोष संस्थेचा नव्हे, माझा आहे. मी हैदराबादचा म्हणून मलकपेठेतील एका परिचित कुटुंबातील गृहस्थ मुद्दाम मला भेटावयास आले. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात वकिली करीत. घर पाडून तेथे नवी इमारत व्हायची होती. आजोबांच्या दोन पेट्या माळ्यावरून खाली काढल्या होत्या. त्यांतल्या कागदांची यादी त्या गृहस्थांनी वहीच्या पानावर लिहून आणली होती. काही मोडी पत्रे, उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहिलेली टिपणे, 'निझाम विजय' या साप्ताहिकाचे सुटे अंक, लग्नांत वाटलेली छापील मंगलाष्टके, नाटकांची हस्तपत्रके, आणि घरच्या बायकांनी लिहिलेल्या हिशेबाच्या वह्या. त्यांना पैसे नको होते. जागा हवी होती.

मी समितीचा सदस्य होतो. माझ्या शब्दाला थोडे वजन होते. मी यादी वाचली आणि सांगितले, "अण्णा, यात ग्रंथ म्हणावा असे काही नाही. आमच्या अभ्यासक्रमाला याचा उपयोग नाही. शिवाय हे तिकडचे आहे, तिकडेच कोणाला तरी द्या." अण्णांनी यादीची घडी घातली, चहा घेतला आणि ते गेले. पुढे कळले की तिकडे त्यांनी एकदोन ठिकाणी विचारले. तेथे त्यांना उलट सल्ला मिळाला की मराठी कागद महाराष्ट्रात न्यावेत. घर पडले. पेट्या रद्दीवाल्याकडे गेल्या.

त्यानंतर काही वर्षांनी माझ्याकडे एक विद्यार्थिनी संशोधनासाठी आली. निजामी राजवटीत मराठी घरांतील भाषा कशी घडली, उर्दूचे शब्द स्वयंपाकघरापर्यंत कसे पोहोचले, हा तिचा विषय होता. विषय उत्तम होता. ती विचारी, "सर, बायकांच्या हातचे काही लिखाण मिळेल का? घरगुती काही?" दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे त्या हिशेबाच्या वह्या येत. मी तिच्याबरोबर आबिड्सच्या रविवारच्या पुस्तकबाजारात पदपथावर बसून जुने कागद चाळले. काही हाती लागले नाही. तिने शेवटी आपला विषय बदलला आणि छापील कादंबऱ्यांवर प्रबंध लिहिला. प्रबंध चांगला झाला. परंतु जो व्हावयाचा होता तो झाला नाही, आणि आता तो कोणालाही करता येणार नाही. मी तिला त्या पेट्यांची गोष्ट तेव्हा सांगू शकलो नाही. आज प्रथमच जाहीरपणे सांगत आहे.

या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला. माझी कसोटी कोठे चुकली? मी विचारले, हे आज कोणाला हवे आहे? विचारावयास हवे होते ते हे की, हे आपण घेतले नाही तर जगात दुसरीकडे कोठे उरेल काय? अभ्यासक्रमातले पुस्तक मी त्या वर्षी नाकारले असते, तर ते पुढच्या वर्षी दुकानात मिळाले असते. त्या वह्यांची दुसरी प्रत नव्हती.

हा विचार नवा नाही. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९३ साली झाली, तीत वि. ल. भावे यांचा पुढाकार होता. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या त्या तरुणाला आधी पुस्तके एकत्र करावी लागली. महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत मठामठांतून शतकानुशतके जपल्या. त्या काळात त्यांना बाहेरचा वाचक नव्हता. तरीही त्या राहिल्या, म्हणून 'लीळाचरित्रा'सारखा ग्रंथ आज आपल्यासमोर आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद मानला. भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करावयाचे ते शेवटी जपलेल्या साधनांवरूनच. सेतुमाधवराव पगडी यांनी फार्सी साधनांच्या आधारे मराठ्यांच्या इतिहासाचा केवढा तरी भाग मराठीत आणला. ती फार्सी दप्तरे मराठी वाचकाला कळत नाहीत म्हणून कोणी टाकून दिली असती, तर ते घडले नसते.

परदेशातील एक उदाहरण मुद्दाम सांगतो. १९६२ पासून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने दिल्लीतील आपल्या कार्यालयामार्फत, धान्यविक्रीच्या कराराखाली साठलेल्या रुपयांतून, भारतीय भाषांतील पुस्तके मोठ्या प्रमाणावर विकत घेतली आणि तिकडच्या निवडक विद्यापीठांना दिली. त्यांत मराठीही होती. त्या काळी तिकडे मराठी वाचणारे असे कितीसे होते? तरीही त्यांनी जमविले. शिकागोसारख्या विद्यापीठातील मराठी संग्रहाची वाढ या मार्गाने झाली. आपल्या घरातला दाणा शेजाऱ्याच्या कणगीत जपला जावा, यात त्यांचे कौतुक आहे आणि आपल्यासाठी थोडी लाजही आहे.

यावर ग्रंथपाल मंडळी एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. सर्वच ठेवावयाचे म्हटले तर जागा कोठून आणावी? वाळवी, कसर आणि गळकी छपरे यांच्याशी लढावे कोणी? मला त्यांची अडचण ठाऊक आहे. न सांभाळता नुसते साठविणे म्हणजे रद्दीला उशीर करणे होय. म्हणून माझा आग्रह सर्व ठेवण्याचा नाही, ठरविण्याच्या पद्धतीचा आहे. 'नको' म्हणण्यापूर्वी समितीने चार प्रश्न विचारावेत. हे दुसरीकडे कोठे आहे काय? पुढे पुन्हा मिळण्यासारखे आहे काय? हे आपल्या परिसरातून आले आहे काय, म्हणजेच आपण नाही तर दुसरे कोण घेणार? आणि घेतले तर ते सांभाळण्याची आपली ताकद आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेल, तर केवळ मागणी नाही म्हणून कोणी नकार देऊ नये. चौथ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर देणाऱ्याला हात हलवीत परत न पाठविता योग्य जागी स्वतः पत्र लिहावे. ते एक पत्र मी लिहिले असते, तर त्या पेट्या कदाचित वाचल्या असत्या.

अलीकडे असेही म्हणतात की, आता सर्व संगणकावर आले आहे, ही चिंता जुनी झाली. पुष्कळ आले आहे आणि त्याचा मला आनंद आहे. माझ्यासारख्या गुडघेदुखीच्या माणसाला घरबसल्या जुने मासिक वाचता येते. परंतु संगणकावर चढविण्यासाठी मूळ कागद हाती असावा लागतो. जे घरातून रद्दीत गेले, त्याची प्रतिमा कोण घेणार? आणि अनेक ग्रंथालये आज नियतकालिकांचा केवळ वापर विकत घेतात. तेथे वर्गणी थांबली की मागचे अंकही दिसेनासे होण्याची भीती असते. तेव्हा निवडीचा प्रश्न संपलेला नाही. तो फक्त दुसऱ्या खोलीत गेला आहे.

शेवटी शाळेला आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करतो. आज सकाळी मुख्याध्यापिकाबाईंनी मला ते सागवानी कपाट दाखविले. ते आता कोठीच्या खोलीत आहे. खालचा खण उघडला; गठ्ठे अजून आहेत, काहींना कसर लागली आहे. एका हस्तलिखितावर १९६२ साल आहे आणि माझ्या एका वर्गमित्राने काढलेले चारमिनारचे चित्र आहे. नवीन वर्गखोल्यांसाठी ती खोली मोकळी करावयाची आहे, असेही मला कळले. वर्गखोल्या व्हायलाच हव्यात. परंतु खोली मोकळी होण्यापूर्वी त्या गठ्ठ्यांची एक यादी व्हावी. चार माजी विद्यार्थी आणि चार सध्याचे विद्यार्थी बसले, तर एका सुटीत ते काम होईल. यादी झाली की तिच्या प्रती शहरातील मराठी ग्रंथालयांना, विद्यापीठाच्या ग्रंथपालांना आणि औरंगाबादेकडच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, अभ्यासकांना पाठवू. त्यांतून कोणी काय ठेवावयाचे ते ठरेल. आपल्या घरी माळ्यावर काही असेल, तर त्याचीही नोंद त्याच यादीत करावी. यादी करावयास मी स्वतः येईन. मोडी अजून वाचता येते; फक्त उजेड चांगला हवा.

गुरुजी ज्याची वाट पाहत होते तो वाचक माझ्या दारी एकदा येऊन गेला, आणि त्याच्यापुढे ठेवावयास माझ्याकडे काही नव्हते. तो पुन्हा येईल तेव्हा या शाळेकडे तरी काही असावे, एवढीच माझी इच्छा आहे.